आभाळ आणि चेहरा

गेली तीन वर्षे मी सूर्यास्ताचे फोटो काढायला शिकतो आहे. चाळिशी उलटल्यावर माणसाने काही नवे शिकायला घ्यावे हे चांगलेच. परंतु शाळामास्तराने शिकायला घेतले की त्याची दुहेरी पंचाईत होते. एक तर विद्यार्थ्याचा सगळा संकोच त्याच्या वाट्याला येतो, आणि दुसरे म्हणजे शिकवण्याची खोड सुटत नसल्यामुळे अर्धेमुर्धे जे हाती लागले असेल ते तो लगेच दुसऱ्याला सांगू लागतो. हा लेख त्या खोडीचाच एक प्रकार आहे असे वाचकांनी समजावे. मात्र मला जे सांगायचे आहे ते कॅमेऱ्याविषयी थोडे आणि माणसाविषयी अधिक आहे. सूर्यास्ताचा फोटो शिकता शिकता एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, आणि तो फोटोचा नसून नीतीचा आहे, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

आधी कॅमेऱ्याचे सांगतो. नवशिक्याचा पहिला अनुभव असा, की डोळ्यांना आभाळ केशरी, तांबडे, जांभळे दिसत असते आणि फोटोत ते ताकासारखे पांढुरके उतरते. याचे कारण साधे आहे. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा भाग समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. समोर अंधारलेले शेत अधिक असले की तो ते उजळवायला जातो, आणि त्या भरात आभाळ धुऊन निघते. दुसरी गोष्ट याहून गमतीची. कॅमेऱ्याला रंगांचा तोल सांभाळायला ठेवले, तर संध्याकाळचा तांबडेपणा हा त्याच्या लेखी दोष ठरतो. तो आपण होऊन त्याचा निकाल लावतो. म्हणून व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर कायम करून ठेवावा लागतो. तिसरा धडा सूर्याच्या आकाराचा. तो मावळताना परातीएवढा वाटतो. वस्तुतः त्याचे बिंब आभाळात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापते. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्याआड तो सहज लपतो. ५० मिलिमीटरच्या भिंगातून त्याचे चित्र पडते ते अर्ध्या मिलिमीटरचे. आणि काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे रोखून पाहू नये. त्याने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. हे चार धडे कोणीही शिकवील.

आता खानदेशचे. आम्हांला समुद्र नाही. मुंबईकराचा आणि कोकण्याचा सूर्य पाण्यात बुडतो. आमचा कापसात नाही तर केळीत मावळतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून तापी वाहते तीही मावळतीच्याच दिशेने. जळगावहून एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याकडे निघालेला माणूस संध्याकाळी सूर्याच्या तोंडावर चालत असतो. पाऊण अंशाहून थोडे अधिक रेखांशाचे अंतर आहे, त्यामुळे धुळ्याचा सूर्य जळगावच्या सूर्याहून सुमारे तीन मिनिटे उशिरा मावळतो. जूनमध्ये तो नेमक्या पश्चिमेच्या उत्तरेस सुमारे २५ अंशांवर टेकतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेस. म्हणजे उन्हाळ्यात जे निंबाचे झाड हेरून ठेवावे, त्याच्यामागे दिवाळीत सूर्य सापडत नाही.

धुळीने सूर्यास्त रंगतो अशी एक समजूत आहे. वैशाखात पांझरेच्या कोरड्या पात्रात उभे राहून पाहिले की ती समजूत फार टिकत नाही. दाट धुळीत सूर्य घासलेल्या तांब्यासारखा फिकट होतो आणि क्षितिजाला टेकण्याच्या आधीच विरून जातो. रंग पाहायचे असतील तर पावसाळा सरताना, भाद्रपद-आश्विनात, हवा धुतलेली आणि ढग उंच असताना पाहावेत. शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्याने मला समजावून सांगितले, की संध्याकाळी किरणांना हवेच्या फार लांब थरातून यावे लागते. निळा प्रकाश वाटेतच विखरून जातो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १८७१ साली हे विखुरण्याचे गणित मांडले. त्याच सहकाऱ्याने आणखी एक मौज सांगितली. सूर्याचे बिंब क्षितिजाला टेकलेले दिसते तेव्हा तो खरोखर क्षितिजाखाली उतरलेला असतो. हवा किरणांना वाकवते, म्हणून तो आपल्याला दिसत राहतो. आपण ज्याला मावळताना पाहतो तो मावळून चुकलेला असतो! डोळ्याने पाहिले म्हणजे खरे, असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. संध्याकाळी शिवारात नुसते आभाळ नसते. त्याच वेळी माणसे घराकडे परतत असतात. वेचणीहून येणाऱ्या बाया, बैल घेऊन येणारा गडी, सायकलीवर दुधाचे कॅन अडकवून निघालेला पोरगा. रिकाम्या आभाळाचा फोटो दोन-चार दिवसांत कंटाळवाणा होतो, हे नवशिक्याच्याही लवकर ध्यानात येते. चित्रात माणूस आला की आभाळाला उंची येते. पण माणूस आला की पेचही येतो. मावळते आभाळ आणि त्याच्याकडे पाठ करून आपल्याकडे येणारा माणूस यांच्या उजेडात फार मोठे अंतर असते. फोटोग्राफर हे अंतर पायऱ्यांनी मोजतात, आणि प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो. सहा पायऱ्यांचे अंतर म्हणजे चौसष्ट पट. एवढे अंतर साध्या फोटोत मावणे कठीण असते. म्हणजे निवड करावी लागते. माणसाचा चेहरा दिसावा असे प्रमाण ठेवले तर आभाळ पांढरे पडते. आभाळाचे रंग धरले तर माणूस काळा होतो.

या पेचाला नवशिक्यांना सगळीकडे एकच उत्तर शिकवले जाते: आभाळ धरा, माणूस काळा होऊ द्या. त्याची रेघ स्वच्छ आली पाहिजे, हातपाय अंगापासून सुटे दिसले पाहिजेत, म्हणजे झाले. मी तसेच शिकलो. तसे फोटो सुंदर येतात यात शंका नाही.

दोन वर्षांपूर्वी माघात मी असा एक फोटो काढला. आमची शाळा धुळ्याच्या पूर्वेला एका खेड्यात आहे. गावाबाहेर बांधावरून एक बाई डोक्यावर पऱ्हाट्यांची मोळी घेऊन चालली होती. कापूस संपला की झाडे उपटतात आणि त्या काटक्या वर्षभर चुलीला पुरवतात, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. मागे आभाळ पेटलेले होते. फोटो चांगला आला. आजही तो मला चांगलाच वाटतो. शिक्षकांच्या खोलीत सर्वांनी तो पाहिला. एका सहकाऱ्याने विशेष वाखाणली ती तिच्या शरीराची कलती रेघ. 'काय लय आहे हो चालण्यात!' असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. चित्राचा सगळा जीव त्या कलण्यात होता. पुढे सातवीच्या वर्गात प्रकाश आणि सावली हा पाठ शिकवताना मी तो पडद्यावर दाखवला. मुले पाहत राहिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, 'हाई मनी माय शे, सर.'

मी विचारले, 'चेहरा तर दिसतच नाही. कशावरून ओळखलीस?'

तो म्हणाला, 'चालण्यावरून. तिचा डावा गुडघा दुखतो. ओझं असलं की ती अशी एका अंगाला कलते.'

मुलाच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आई पडद्यावर दिसली याचा त्याला आनंदच झाला होता. तास संपला, तो मुलगा खेळायला गेला. तथापि त्याच्या एका वाक्याने त्या फोटोचे दोन फोटो झाले. एकात लय होती, दुसऱ्यात दुखणारा गुडघा होता. आणि रेघ तर एकच होती. ज्यांना ती बाई माहीत नव्हती त्यांना ते सौंदर्य दिसले, ज्याला माहीत होती त्याला ती दिसली. मला वाटते, नीतीचा प्रश्न येथेच सुरू होतो. जे न कळल्यामुळे सुंदर दिसते, ते सुंदर म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

कोणी म्हणेल, मास्तर, उगाच गहन करू नका. बाई चालत होती, आभाळ लाल होते, फोटो निघाला. तिचे काय गेले? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तिचे खरोखरच काही गेले नाही. तिच्या मोळीतली एक काडीही कमी झाली नाही. पण दुसऱ्याचे काही गेले नाही म्हणजे आपण काही घेतले नाही, असे थोडेच आहे? काळ्या आकृतीला इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये सिल्हूट म्हणतात. हा शब्द एत्येन द सिलुएत या फ्रान्सच्या अर्थमंत्र्याच्या नावावरून आला. १७५९ साली तो काही महिने त्या पदावर होता आणि काटकसरीसाठी इतका बदनाम झाला की स्वस्तातल्या वस्तूंना त्याचे नाव चिकटले. रंगीत तसबीर करून घेणे ज्यांना परवडत नसे ते काळ्या कागदातून आपली आकृती कातरून घेत, ती सिल्हूट. म्हणजे शब्दाच्या जन्मातच ही गोष्ट आहे. काळी आकृती हे माणसाचे स्वस्तातले चित्र आहे. तिथे निदान तो माणूस स्वतः पैसे मोजून, समोर बसून ती करून घेई. शिवारातल्या माणसाला आपण न विचारता स्वस्तात काढतो.

उलट बाजूनेही पुष्कळ बोलता येईल, आणि ते बोलले पाहिजे. आपल्या भाषेने फोटोला छायाचित्र म्हटले आहे. आणि छाया हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. छाया म्हणजे सावली, पण छाया म्हणजे आसराही. झाडाची छाया, वडिलांची छाया, असे आपण म्हणतो. काळी आकृती माणसाचे नाव पुसते हे खरे. पण ती त्याला झाकतेही. दुष्काळाच्या वर्षी भेगाळलेल्या जमिनीवर बसून वर पाहणारा शेतकरी आपण वर्तमानपत्रांतून कितीदा पाहिला आहे. त्याचा चेहरा स्पष्ट असतो, सुरकुती न् सुरकुती मोजता येते. त्या माणसाला अब्रू नसते काय? गावातल्या लोकांनी, सोयऱ्यांनी, मुलीच्या सासरच्यांनी तो चेहरा पाहावा असे त्याला वाटत असेल काय? त्याच्यापेक्षा मोळी घेऊन आभाळासमोरून निघून गेलेली अनोळखी काळी बाई अधिक सुरक्षित आहे. म्हणून चेहरा दाखवला की नीती सांभाळली आणि काळा केला की ती बुडाली, इतके हे सरळ नाही. चेहरा लुटताही येतो आणि सावलीने मान राखताही येतो.

अलीकडे यंत्राने हा पेच आपल्यापुरता सोडवला आहे. आता खिशातल्या फोनमधला कॅमेरा एका बटणासरशी चार-पाच फोटो काढतो, काही उजळ, काही गडद. आणि आभाळ एकातून, चेहरा दुसऱ्यातून घेऊन त्यांचे एकच चित्र जुळवतो. युक्ती नवी वाटली तरी कल्पना जुनी आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७च्या सुमारास समुद्राची काच वेगळी आणि आभाळाची काच वेगळी घेऊन दोन्हींचे मिळून एक चित्र केले होते. अशा चित्रात आभाळही असते आणि चेहराही. मग तक्रार कशाची? तक्रार नाही. पण पेच सुटला असे मात्र मला वाटत नाही. तो पेच उजेडाचा नव्हताच. फोनने त्या बाईचा चेहरा उजळला असता, तरी तिच्या गुडघ्याची गोष्ट तिच्या मुलाखेरीज मला कोणी सांगितली नसती.

या पेचातून निसटण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो आमच्याच जिल्ह्यात एका थोर कलावंताने चोखाळला. चाळीसगावचे केकी मूस हे १९१२ साली जन्मले आणि १९८९ साली वारले. इंग्लंडात शिकून आलेला हा पारशी गृहस्थ आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या घरातच राहिला. उंबऱ्याबाहेर क्वचितच पडला. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून ते बाहेरच्या जगाची दृश्ये घरातच उभी करीत आणि त्यांचे फोटो काढीत. पाहणाऱ्याला ते खरे रान, खरी संध्याकाळ वाटावी! त्यांचे घर आज कलादालन म्हणून जपलेले आहे. टेबलावरच्या संध्याकाळी कोणाची आई चालत नसते. तिथे कलावंत कोणाचे देणे लागत नाही. प्रकाशही त्याचा आणि वाटही त्याचीच. मला त्या साधनेविषयी आदर आहे. परंतु सगळ्यांना दार लावून घेता येत नाही. आमच्यासारख्यांना बांधावरच उभे राहायचे आहे आणि बांधावरून माणसे येणारच आहेत.

जळगाव आणि धुळे यांच्यामध्ये अमळनेर आहे. प्रतापशेठजींनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढले आणि दूरदूरचे विद्वान तिथे येऊन वेदान्ताचा खल करीत बसले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. त्या चर्चेत शिरण्याचा मला अधिकार नाही. पण वेदान्तातला एक दृष्टान्त आपल्याकडे कीर्तनातूनही सर्वांना ठाऊक आहे: अंधुक उजेडात दोरी पाहिली आणि साप वाटला. पूर्वी मी हा दृष्टान्त सापाच्या बाजूने ऐकत असे. आता मला त्यातला अंधुक उजेड महत्त्वाचा वाटतो. भर दुपारी ही चूक होत नाही, मध्यरात्रीही होत नाही, कारण तेव्हा काहीच दिसत नाही. चूक होते ती थोडे दिसते तेव्हा. आकृती दिसते, वस्तू दिसत नाही, आणि मधली जागा आपले मन भरून काढते. कोणी भ्यालेला असेल तर तो सापाने भरतो. कोणी रसिक असेल तर तो लयीने भरतो. दोघेही आपल्याच मनातले पाहत असतात. या दृष्टीने काळी आकृती ही चूक नव्हे. आकृतीलाच माणूस समजणे ही चूक.

आणि ही चूक किती महाग पडू शकते याचे उदाहरण शोधायला आम्हां खानदेशी लोकांना दूर जावे लागत नाही. असोद्यात जन्मलेली आणि जळगावात नांदलेली एक शेतकरी बाई उभा जन्म याच शिवारात राबली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१च्या डिसेंबरात ती वारली. तिच्या मुखातली गाणी तिचे कवी पुत्र सोपानदेव यांनी जपली होती. ती आचार्य अत्र्यांच्या नजरेस आली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा महाराष्ट्राला बहिणाबाई चौधरी हे नाव कळले. म्हणजे त्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत एखादा हौशी फोटोग्राफर जळगावच्या शिवारात संध्याकाळी उभा राहिला असता, तर त्याला डोक्यावर भारा घेतलेली एक काळी आकृती दिसली असती. त्याने तिचा सुरेख फोटो काढला असता आणि तो घरी गेला असता. त्या आकृतीच्या ओठांवर त्या क्षणी काय होते ते त्याला कळले नसते. प्रत्येक आकृतीत बहिणाबाई असते असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण कोणत्या आकृतीत काय आहे हे बांधावरून कळत नाही, एवढे मात्र खरे.

तर मग काय करावे? सूर्यास्ताचे फोटो काढणे सोडून द्यावे काय? मला तसे वाटत नाही. सौंदर्याकडे पाठ फिरवल्याने कोणाचा गुडघा बरा होत नाही. शिवाय नीट पाहणे हीच पुष्कळदा माणसापर्यंत पोचण्याची वाट असते. १८८३च्या ऑगस्टमध्ये जावा आणि सुमात्रा यांच्यामधला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. ३६,००० हून अधिक माणसे मेली, बहुतेक समुद्राच्या लाटांखाली. त्याचे बारीक कण आभाळात फार उंच गेले आणि पृथ्वीभर पसरले. पुढे कित्येक महिने दूरदूरच्या देशांत संध्याकाळी आभाळ रक्तासारखे लाल होई. अमेरिकेत काही गावांत आग लागली असे समजून बंब धावले. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार रोज संध्याकाळी बसे आणि क्षणाक्षणाला पालटणारे रंग खडूने टिपून घेई. त्याने अशी पाचशेहून अधिक चित्रे केली. पुढे १८८८ साली रॉयल सोसायटीने क्राकाटोआचा अहवाल काढला तेव्हा त्याची चित्रे पुरावा म्हणून उपयोगी पडली. लंडनच्या आभाळातली ती लाली सुंडाच्या सामुद्रधुनीतल्या उत्पाताशी जोडली गेली. अ‍ॅस्क्रॉफ्टने कळवळ्याचा आव आणला नाही. त्याने एवढेच केले, की जे दिसले ते इमानाने, पुनःपुन्हा, मनचे न मिसळता टिपले. आणि नुसते 'वा!' म्हणून त्याने काम संपवले नाही. पाहणाऱ्याचे इमान याहून वेगळे काय असते?

माझ्यापुरते मी दोन नेम केले आहेत. पहिला असा, की आभाळाचा फोटो झाला की मागे वळायचे. हे कोणी तत्त्वज्ञानी सांगत नाही, कसलेला फोटोग्राफरही तेच सांगतो. ज्या वेळी पश्चिमेला तोंड केलेल्या आपल्याला माणसे काळी दिसतात, त्याच वेळी आपल्या पाठीमागून पश्चिमेकडे चालत येणाऱ्या माणसांच्या तोंडावर तोच उजेड पडलेला असतो. तो उजेड मऊ असतो, आडवा येतो, डोळ्यांच्या खोबणीत शिरतो. दुपारच्या उन्हात कपाळाखाली जो अंधार पडतो तो त्या वेळी नसतो. माणसाचा चेहरा इतका चांगला दिवसभरात दुसऱ्या कोणत्याही वेळी दिसत नाही. सूर्य एकच, कोणीकडे तोंड करून उभे राहायचे एवढाच प्रश्न. डोळा तर हे नेहमीच करीत असतो. तो आधी आभाळ पाहतो, मग वळतो आणि चेहरा पाहतो. दोन्ही एकदम पाहिल्याचा भास आपल्याला मागाहून होतो. कॅमेरा एका क्षणात दोन्ही देऊ शकत नसेल, तर दोन क्षण घ्यावेत. घाई कोणाला आहे?

दुसरा नेम विचारण्याचा. 'राम राम, बाई. फोटो काढू का?' एवढेच. कोणी हो म्हणते, कोणी पदर पुढे ओढून नको म्हणते, कोणी म्हणते, 'माझा काय काढता, माझ्या म्हशीचा काढा.' नको म्हटले की चांगला फोटो हातचा जातो. जाऊ द्यावा. हो म्हटले की बाई थांबते, मोळी खाली ठेवते, केस सारखे करते, आणि ज्या सहज चालीसाठी आपण कॅमेरा उचलला होता ती निघून जाते. हे नुकसान खरे आहे, ते मी लपवीत नाही. कलेच्या बाजूने पाहिले तर विचारणे हा तोट्याचा व्यवहार आहे. पण मोळी खाली ठेवलेली बाई बोलते. तिचा गाव कोणता, कापसाला भाव काय मिळाला, मुलगी कितवीत आहे, हे कळते. आणि पुढच्या वेळी ती आभाळासमोरून काळी होऊन गेली तरी पाहणाऱ्याला ती कोण आहे हे ठाऊक असते. मग तिला काळी ठेवायलाही हरकत वाटत नाही. ती तिची छाया होते.

कादंबरी लिहिताना मला हेच करावे लागते, असे आता ध्यानात येते. कादंबरीत शे-दोनशे माणसे येऊन जातात. सगळ्यांचे चेहरे रंगवायला बसले तर पुस्तक संपायचे नाही. बरीचशी माणसे दाराशी येऊन निरोप सांगून जाणारी, बाजारात भाव विचारून जाणारी, अशी आकृतीच राहतात. ते अटळ आहे. परंतु त्या आकृतीला कुठे दुखते हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे. पानावर ते आले नाही तरी चालेल. वाचकाला दोन्हींतला फरक कळतो. तो कसा कळतो हे मला सांगता येणार नाही, पण कळतो.

सूर्यास्त शिकणाऱ्याला शेवटचा धडा असा देतात, की सूर्य बुडाला म्हणून कॅमेरा आवरू नये, कारण उत्तम रंग पुष्कळदा त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत येतात. हे अगदी खरे आहे. त्यात मी माझी थोडी भर घालीन. ते रंगही संपले की आणखी पाच मिनिटे थांबावे. तेव्हा फोटो निघत नाही. आभाळही काळे होते आणि माणूसही, आणि दोघांतली निवड उरत नाही. बांधावरून कोणी येत असते. ते कोण हे दिसत नाही. आपण राम राम म्हणतो; अंधारातून राम राम उत्तर येते, आणि आवाजावरून माणूस कळतो.